लेकरांना समुद्रात गळ टाकायला न्यायचंय (लातूरहून, नाताळची सुट्टी)

मांजराकाठचा

नमस्कार मंडळी.

आम्ही लातूरचे. पोरगा साडेनऊ वर्षांचा, पोरगी साडेसहाची. पोरगा जन्मला एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी येत होतं त्याच महिन्यात. बारशाला पाहुण्यांना हात धुवायला तांब्या दिला तो अर्धाच भरून, हे आमच्या घरात अजून सांगितलं जातं. तर त्या गड्यानं आता हट्ट धरलाय की बोटीतून समुद्रात जायचं अन् स्वतःच्या हातानं मासा धरायचा. वाळूत किल्ले करायचं वय गेलं म्हणतो.

मी लहानपणी मांजरा नदीवर गळ टाकलेला आहे. गांडूळ, दोरा अन् ज्वारीच्या धाटाचा तरंडा, एवढंच सामान. शिवडा-चिलापीच्या पुढं कधी गेलो नाही. समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा गुडघ्यापर्यंत. त्यामुळं विचारतो. दिवाळीत जावं का नाताळात? मासेमारीची बोट की पर्यटकांची? साडेसहाच्या पोरीला न्यावं का? अन् पोराला तुळजापूरच्या घाटातसुद्धा मळमळतं, त्याचं काय करावं?

आई पण सोबत येणार. ती माळकरी आहे. म्हणजे हा प्रश्न पण आहेच.

---

बीडचा_बाळू

दादा, एक सांगतो, राग मानू नका. दोन वर्षांमागं आम्ही तीन घरं मिळून गेलतो, गाव सांगत नाही. किनाऱ्यावर एकजण चिकटला, 'डॉल्फिन बी दाखवतो, मासे बी धरू देतो.' बोटीत आम्ही मोठे सहा, लेकरं पाच. जॅकेटं दिली ती समदी मोठ्यांच्या मापाची. माझ्या पुतणीच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, त्याला सुतळी बांधलेली. मी बोललो तर म्हणला, 'काका, इथं कंबरंएवढंच पाणी हाय.' पुढं गेल्यावर इंजन बंद पडलं. अर्धा तास आम्ही नुसते हेलकावे खात. लेकरं ओकली, बाया रडल्या, डॉल्फिन बिल्फिन काय नाय.

तेव्हापासून आमच्या घरात समुद्र म्हणलं की पुतणी खोलीत जाऊन बसती. नेताय तर जॅकेट आधी बघा, बोट नंतर.

---

माहेर_मालवण

मी मूळची मालवणची, आता परभणीला सासर. आमचे चुलते तांडेल (मासेमारी होडीचे म्होरके) होते, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन, सहन करा.

आधी दिवाळीचं. मराठवाड्यातली माणसं कोकणात येतात ती दिवाळीत नाहीतर मेमध्ये, कारण सुट्ट्या तेव्हाच. आणि अरबी समुद्रात वादळं येतात तीही नेमकी पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, याच दोन वेळांना. फयान आलं नोव्हेंबर २००९ मध्ये, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, तौक्ते मे २०२१ मध्ये. निसर्ग तर ३ जूनचं. दरवर्षी येतं असं नाही, पण चार महिने आधी हॉटेलचे पैसे भरून बसलेला माणूस 'आता आलोय तर जाऊच' म्हणतो, तिथे घोटाळा होतो. लहान मुलं असतील तर नाताळ ते फेब्रुवारी. समुद्र तेव्हा बहुतेक दिवस शांत असतो. जून-जुलै तर विचारूच नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ६१ दिवस. पर्यटकांच्या बोटी मेअखेरीला बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नसत.

दिवसाची वेळ म्हणाल तर पहाट. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात 'मतलई वारे' आणि 'खारे वारे' असतील बघा. रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दिवसा उलट. दुपारी खारा वारा जोर धरतो, पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात, तेव्हा लहान होडीत लेकरू नको. सकाळी सातला जा, दहाच्या आत पाय वाळूवर.

आता भरती. यासाठी कुठलं ॲप लागत नाही, घरातली दिनदर्शिका पुरते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दर दिवशी पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हे गणित जमतं. शुद्ध-वद्य दोन्हीला तेच. थोडं इकडेतिकडे धरा, पण आमच्या चुलत्यांनी आयुष्यभर याच्यावर होडी हाकली.

अष्टमीचं उदाहरण मुद्दाम दिलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जबरदस्त. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग असतो, पाण्याची हालचाल कमी. मुलांसाठी भांगाचेच दिवस निवडा. शिवाय अष्टमीला सकाळी भरलेल्या पाण्यात खाडीच्या तोंडातून सुखरूप बाहेर पडता, आणि दोन तासांनी परत येईपर्यंत तिथे पुरेसं पाणी असतं. ओहोटीच्या शेवटी आलात तर वाळूच्या दांड्यावर होडी टेकते आणि लाटा आडव्या फुटतात. खाडीचं तोंड ही सगळ्यात वाईट जागा, खोल समुद्र नव्हे.

मालवणात किल्ल्याच्या आसपास गळ टाकू नका. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. गावातला माणूस कुठे चालतं ते सांगेल, त्याचं ऐका.

---

नाथसागर

पैठणवरून. ताईंनी तिथीचं सांगितलं ते एकदम भारी, आमच्या पाण्याला भरती नसते त्यामुळं हे आपल्याला कोण सांगणार!

मी एवढंच म्हणतो की समुद्रावर पहिल्यांदा गळ धरायला लावू नका. घरी आधी करून बघा. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) बोटावरून कसा सोडायचा, ओढ लागली की मनगट कसं उचलायचं, गळ दुसऱ्याच्या डोक्यावरून फिरवायचा नाही, हे सगळं कोरड्यात शिकवता येतं. अंगणात बादली ठेवा, तंगुसाला गळ न बांधता नुसतं शिसं बांधा. माझी पोरं तशीच शिकली. अन् गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो तो पकडीनं चेपून टाका. मासा एखादा सुटंल, पण पोराच्या बोटात घुसला तर सहज निघंल. हाताला सुती मोजे घाला, मोठा मासा ओढला की तंगूस बोट कापतो.

फक्त सराव करायला शेततळ्यावर नेऊ नका. तुम्हाला वाटंल घरचंच पाणी आहे. त्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, उतार सरळ असतो, आत पडलेला पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. नेलंच तर कडंला दोर बांधून ठेवा. समुद्राची भीती सगळ्यांना वाटते, शेततळ्याची कुणालाच नाही.

---

नांदेडचा_डॉक्टर

उलटीबद्दल. बोट लागणं दोन ते बारा वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त दिसतं, त्यामुळे तुमची दोन्ही मुलं नेमकी त्याच वयात आहेत. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची फळी स्थिर आहे. त्या भांडणातून मळमळ येते. म्हणून नजर दूर, आकाश-पाणी मिळतं त्या रेषेवर ठेवायची. मोबाइल अजिबात नाही, खाली वाकून गळाला आमिष लावणंही मोठ्यांनी करायचं. बसायची जागा होडीच्या मध्यावर. नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) बसायला मुलं भांडतात, पण तिथेच हेलकावा सर्वांत जास्त. इंजिनाचा धूर येतो तिथेही नको. उपाशीपोटी नेऊ नका, पोहे-उप्पीट ठासूनही नको. दोन बिस्किटं, आलेपाकाची वडी, थोडं पाणी. गोळी द्यायची असेल तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका, मुलं गुंगतात, आणि गुंगलेलं मूल होडीत नको.

दुसरं. शिंगाळा, वागळी (पाकट) या माशांचे काटे विषारी असतात. लागलाच तर जखम गरम पाण्यात धरायची, सोसवेल इतकं गरम, अर्धा ते दीड तास. आधी आपला हात घालून बघा, मूल घाबरून 'चालतंय' म्हणतं आणि भाजून घेतं. त्यासाठी होडीत एक थर्मास असू द्या. काटा लागला नाही तर चहाला होईल. नंतर दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन.

जॅकेट मापाचं आहे की नाही हे बघायची सोपी रीत अशी: घालून, सगळी बक्कलं लावून, खांद्यापाशी धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते जॅकेट त्याचं नाही. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर उत्तम. लातूरहूनच विकत घेऊन जा, असं मी म्हणेन.

---

बीडचा_बाळू

डॉक्टरसाहेब, कानाचं आज कळलं. मी आजवर समजत होतो पित्त हाय.

---

टाळकरी

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे. पण कुणी विचारणार नाही म्हणून मीच विचारतो. लेकराला जीव धरायचा, ओढायचा, तडफडताना बघायचा, यात मौज ती काय? खाण्यासाठी कोळी बांधव धरतात ते त्यांचं पोट आहे. आपण शेकडो किलोमीटर जाऊन हौस म्हणून करतो. तुमच्या मातोश्रींना विचारलंत का?

---

मांजराकाठचा

टाळकरी महाराज, विचारलं. आई म्हणली, 'जेवढं खाल तेवढंच धरा. बाकीचं सोडा. अन् माझ्या पुढ्यात चिरू नका.' मला वाटलं होतं नाहीच म्हणल. तुमचं म्हणणं खोटं नाही. पण हा पोरगा आठवड्याला दुकानातून मटण आणायला माझ्यासंग येतो. ते कुठून येतं हे त्याला कळू नये, यापेक्षा कळलेलं बरं असं मला वाटतं. यावर आपलं जमणार नाही, ते राहू द्या.

ताई, दिनदर्शिका काढून बसलो. नाताळच्या सुट्टीत अष्टमी येते. ठरलं.

---

माहेर_मालवण

टाळकरी, आमच्यातसुद्धा लहान मासा परत सोडायची रीत आहे, निदान असायची. २०२३ मध्ये सरकारनं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्याहून लहान धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, तो पिल्लं धरून धरून संपत चालला म्हणूनच. मुलांना सोबत एक पट्टी द्या, मोजू देत. मोजायला त्यांना धरण्याइतकीच मजा येते.

आणि हो, निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा अंदाज बघा. लाटांची उंची, उधाणाचा इशारा, सगळं तिथून येतं. माझे सासरे म्हणतात, 'समुद्राचं भविष्य सांगायला हैदराबादच बरं, तिथं बुडायची भीती नाही.' तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

---

मांजराकाठचा

आलो मंडळी. कालच पोचलो. सगळ्यांचे आभार मानायचे म्हणून नाही, झालं ते सांगायचं म्हणून लिहितो.

रस्ता सोपा आहे, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर. कोल्हापुरात मुक्काम, मग दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट. मिरजेला गाडी थांबवली अन् पोराला म्हणलं, बघ, तू जन्मलास तेव्हा इथून आपलं पाणी यायचं. तो म्हणला, 'मग समुद्रातून का नाही आणलं? तिथं तर लई आहे.' मी म्हणलं, सांगतो नंतर.

पहिल्या दिवशी सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच. चार वाजता देवबागला कर्ली खाडीत, काठाकाठानं, चढत्या पाण्यात. ताईंनी हे सांगितलं नव्हतं, होडीवाल्या काकांनीच सुचवलं की लेकरं नवी आहेत तर आज खाडीतच फिरू, उद्याचं उद्या बघू. मी हे सगळ्यांना सांगेन. खाडीत लाट नसते, काठ दिसत असतो, लेकराचं अंग होडीला सरावतं. तासाभरात एक काळुंद्र लागलं, पोरीनं पट्टी लावली, भरलं नाही, सोडून दिलं. आमच्या पोराला याचं एवढं वाईट वाटलं की जेवताना बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. सातला निघालो. काकांची होडी लहान, इंजन एक, पण वल्हीसुद्धा ठेवलेली होती. मी बाळूदादाची गोष्ट डोक्यात ठेवून विचारलं, इंजन बंद पडलं तर? काकांनी नांगर दाखवला, वल्ही दाखवली, अन् म्हणले, 'आणि हा माझा भाचा मागच्या होडीत आहे, तो बघा.' खरंच दुसरी होडी हाकेवर होती. जॅकेटं आम्ही घरून नेली होती. काकांनी पोरीला खांद्यापाशी धरून उचलून बघितलं! डॉक्टरसाहेब, तुमचीच रीत, त्यांना कुणी शिकवली कोण जाणे.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना होडी दोनदा उचलली गेली अन् आदळली. पोटात गोळा आला तो माझ्या. लेकरं हसत होती. पुढं पाणी गुळगुळीत. नांगर टाकला. गळाला कोळंबीचे तुकडे काकांनीच लावले.

अन् मग काहीच नाही. पाऊण तास. व्हिडिओत हे दाखवत नाहीत. पोरगा दर मिनिटाला तंगूस वर ओढून बघायचा, काका दर मिनिटाला 'राहू दे, राहू दे' म्हणायचे. पोरगी मात्र तंगूस बोटावर घेऊन डोळे मिटून बसली होती. मी विचारलं झोप आली का, तर म्हणली, 'बाबा, खाली कोणतरी दार वाजवायलंय.' काकांनी तिच्या मनगटाला नुसता हात लावला, 'आता उचल.' तिनं दोन्ही हातांनी ओढलं. वर आला तो केंड. हातात घेतला तसा कर्रकर्र आवाज करत फुगला, फुगला, चेंडू झाला. पांढरं टम्म पोट, वर दोन चिडके डोळे. काका म्हणले, विषारी, खायचा नाही, बोट तोंडाशी नेऊ नको, दात वाईट. गळ सोडवून पाण्यात टाकला तर थोडा वेळ उलटा तरंगला, मग हवा सोडून बुडी मारली. पोरगी टाळ्या वाजवत होती.

मग पोराला शिंगाळा लागला, वीतभर. काकांनी हातावर फडकं गुंडाळून धरला, पाठीचा अन् बाजूचे असे तिन्ही काटे पकडीनं मोडले, तवर पोराला एक बोट लावू दिलं नाही. तो मासा पोरानं हातात घेतला अन् फोटोसाठी हसला, अन् त्याच फोटोत तो उलटी करतोय. म्हणजे पुढच्याच फोटोत. नांगरलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त झुलते, हे कुणी लिहिलं नव्हतं, मी लिहितो. गोळी दिली होती, आलेपाक दिला होता, नजर लांब ठेव म्हणून सांगितलं होतं. पण गळ लागल्यावर कोण लांब बघतंय!

पावणेनऊ झाले होते. पैसे तीन तासांचे ठरले होते. मी काकांकडं बघितलं तर त्यांनी नांगर आधीच ओढायला घेतला होता. पोरगा रडायला लागला, 'मी बरा आहे, मला अजून एक धरायचाय.' तोंडाला ओकारी लागलेली. समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन मी त्याचं तोंड धुतलं. थोडं आत गेलं. थुंकला अन् माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणलं, कळलं का नाही आणलं ते? एका लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असतं त्यात. त्यानं विचारलं, 'मग हे सगळं कुणाच्याच कामाचं नाही?' काका मागून म्हणले, 'माझ्या आहे की रे.'

आई वाळूत बसली होती. मी सगळं सांगितलं, शिंगाळ्याचं, उलटीचं. तिनं एकच विचारलं, 'अन् तो फुगलेला? सुटला का?'

शिंगाळा काकांच्या घरी तिरफळ घालून केला. चौघांत दोन-दोन घास आले.

---

टाळकरी

मातोश्रींना नमस्कार सांगा.

---

नांदेडचा_डॉक्टर

फोटो टाका. उलटीचा नको.

---

बीडचा_बाळू

दादा, वाचून पुतणीला दाखवलं. केंडाचं वाचून हसली. खोलीत गेली नाही. आम्ही बी फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, आधी खाडीतच. पण आमच्या सुट्टीत षष्ठी येतीय. साहाची पाऊणपट साडेचार. मग पहाटं साडेचारला निघायचं का काय?

---

माहेर_मालवण

नको हो, अंधारात मुलांना कुठे नेता! साडेचारला भरती म्हणजे सात वाजेपर्यंत निम्मं पाणी उतरलेलं, परत येताना तोंडाशी होडी टेकेल. खाडीतच राहणार असाल तर संध्याकाळी साडेचारची भरती उत्तम, उन्हं कलली की तीनला निघा. बाहेर जायचंच असेल तर चार दिवस पुढे ढकला. दशमीला साडेसातला भरती येते, उजेडही असतो. फक्त मासे दशमीलाच संपवा, दुसऱ्या दिवशी एकादशी आहे.